फेफरं, नवी औषधं आणि बाईचं शरीर

(आरोग्य शिबिरात कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



'न्यूरोपेप्टाइड' हा शब्द पत्रिकेवर वाचून तुमच्यापैकी काहीजणींनी सकाळीच विचारलं, की याचा आपल्या कामाशी काय संबंध? संबंध आहे. पण तिथवर यायला मला जरा लांबून, १८५७ सालापासून सुरुवात करावी लागेल.

त्या वर्षी लंडनच्या डॉक्टरांच्या एका सभेत सर चार्ल्स लोकॉक नावाचे गृहस्थ बोलायला उभे राहिले. हे राणी व्हिक्टोरियाच्या बाळंतपणाचे डॉक्टर. त्यांनी सांगितलं, की पाळीच्या आसपास ज्या बायकांना फिट येतात त्यांना आपण पोटॅशियम ब्रोमाइड देतो आणि गुण येतो. खरोखरच गुण येत होता. अपस्मारावरचं पहिलं उपयोगी औषध म्हणून ब्रोमाइडचं नाव इतिहासात आहे. पण ते त्यांना सुचलं कसं? ब्रोमाइडनं पुरुषांची कामेच्छा तात्पुरती मंदावते असं त्यांच्या वाचनात आलं होतं. आणि बायकांचं हे फेफरं कामवासनेच्या उद्रेकातून येतं, असं त्या काळच्या वैद्यांचं पक्कं मत होतं. म्हणजे बाईची वासना दाबायला काढलेलं औषध योगायोगानं मेंदूवर लागू पडलं. औषधशास्त्राच्या पुस्तकात ही गोष्ट गंमत म्हणून सांगतात. मला त्यात फारशी गंमत वाटत नाही. कारण अपस्मार झालेल्या बाईकडे बघण्याची ती नजर आपल्या गावात अजून शाबूत आहे. 'लग्न करून द्या, बरी होईल' हे वाक्य तुम्ही किती वेळा ऐकलंय?

आता फेफरं, आकडी, फिट, मिरगी, जे नाव तुमच्याकडे असेल ते घ्या. आजार एकच, आणि तो मेंदूचा. बाहेरची बाधा नाही, अंगात येणं नाही, वेडही नाही. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी विजेच्या बारीक लहरींनी आणि रसायनांनी बोलत असतात. काही रसायनं पेशीला चेतवतात, काही शांत करतात. ग्लुटामेट हे चेतवणारं मुख्य, गाबा हे शांत करणारं मुख्य. हा तोल सुटला आणि पेशींचा एक मोठा गट एका वेळी, एका तालात पेटून उठला, की झटका येतो. कधी सगळं शरीर ताठतं आणि थरथरतं, कधी बाई नुसती शून्यात बघत ओठ चावत बसते. या दुसऱ्या प्रकाराला आपल्याकडे कोणी आजार म्हणतच नाही. 'हिचं कामात लक्ष नसतं' म्हणून तिला मार बसतो.

जगात सुमारे पाच कोटी लोकांना अपस्मार आहे, भारतात एक कोटीच्या वर. डोक्याला मार लागणं, अवघड बाळंतपणात बाळाचा श्वास कोंडणं, मेंदूज्वर, फीतकृमीच्या अंड्यांमुळे मेंदूत होणाऱ्या गाठी, जन्मजात दोष अशी अनेक कारणं असतात, आणि पुष्कळ वेळा कारण सापडतच नाही. नीट औषध मिळालं तर शंभरातल्या सत्तर जणांचे झटके थांबू शकतात. उरलेल्या तिसांचे औषधांनी आटोक्यात येत नाहीत. नवं संशोधन मुख्यतः या तिसांसाठी चाललं आहे. पण सत्तरांमधल्या बायकांचंही सगळं आलबेल आहे असं समजू नका.

फिनोबार्बिटाल १९१२ सालचं, फेनिटॉइन १९३८ सालचं. ही औषधं स्वस्त आहेत, सरकारी दवाखान्यात मिळतात, आणि त्यांनी लाखो लोकांना उभं केलं आहे. पण ती दिवसरात्र सगळ्या मेंदूवर काम करतात. झटका महिन्यातून दोन मिनिटांचा आणि औषधाची सुस्ती महिनाभर. शिवाय फिनोबार्बिटाल, फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन ही तिन्ही औषधं यकृताला इतकं कामाला लावतात, की संततिनियमनाच्या गोळीतली संप्रेरकंही तिथे लवकर मोडून पडतात. म्हणजे माला-एन नियमित घेऊनही दिवस राहू शकतात. तुमच्या वस्तीत गोळ्या वाटणाऱ्या आशाताईंना हे कोणी सांगितलं आहे का, एवढं परत गेल्यावर विचारून बघा. अशा बाईसाठी तांबी अधिक भरवशाची.

आणि मग व्हॅल्प्रोएट. हेही योगायोगानं हाती लागलं. १९६२ साली फ्रान्समध्ये पिएर एमार नावाचा संशोधक दुसरीच काही रसायनं तपासत होता आणि ती विरघळवायला व्हॅल्प्रोइक आम्ल वापरत होता. पाहतो तर प्रत्येक रसायन झटके थांबवतंय! काम करत होतं ते त्यातलं द्रावण. १९६७ साली फ्रान्समध्ये ते बाजारात आलं. औषध फार प्रभावी आहे, हे मान्यच करायला हवं. पण गरोदर बाईनं ते घेतलं तर दहातल्या साधारण एका बाळात मोठं व्यंग असतं: पाठीचा कणा उघडा राहणं, हृदयात दोष, टाळू फाटलेली. दहातल्या तीन ते चार मुलांच्या बोलण्यात, शिकण्यात, वाढीत अडचणी येतात. फ्रान्समध्ये मरीन मार्टिन या आईनं २०११ साली अशा कुटुंबांची संघटना उभी केली आणि न्यायालयात, संसदेत, वर्तमानपत्रांत विषय लावून धरला. २०१७ साली तिथल्या सरकारी अभ्यासानं मान्य केलं, की या औषधामुळे २१५० ते ४१०० मुलं मोठं व्यंग घेऊन जन्मली असावीत. ब्रिटनमध्ये २०१८ साली नियम आला, की गर्भनिरोधनाची खात्रीची सोय असल्याशिवाय मूल होऊ शकणाऱ्या बाईला हे औषध द्यायचं नाही.

आपल्याकडेही या प्रश्नावर काम झालं आहे. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत १९९८ पासून अपस्मार असलेल्या गरोदर बायकांची नोंदवही ठेवली जाते आणि त्यांच्या मुलांच्या वाढीकडे लक्ष ठेवलं जातं. जगात नाव असलेलं काम आहे ते. पण तालुक्याच्या गावात वीस वर्षांच्या मुलीच्या हातात व्हॅल्प्रोएटची चिठ्ठी देताना कोणी तिच्याशी याबद्दल बोलतं का? लॅमोट्रिजिन, लेव्हेटिरासिटाम ही गरोदरपणात पुष्कळ सुरक्षित औषधं आहेत, पण ती महाग पडतात. इथे एक गोष्ट ठळक करून सांगते, कारण अर्धवट ऐकून घरी जाल आणि अनर्थ होईल: कोणीही, गरोदर बाईनंसुद्धा, औषध स्वतःच्या मनानं एकदम बंद करायचं नाही. त्यानं झटक्यांवर झटके येऊन जीव जाऊ शकतो. औषध बदलायचं ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आणि शक्यतो दिवस राहण्याच्या आधी.

आता न्यूरोपेप्टाइड. शब्द अवघड वाटला तरी तुमची त्यातल्या एकाशी जुनी ओळख आहे. बाळंतपणात कळा याव्यात म्हणून जे इंजेक्शन देतात, आणि काही लोक म्हशीला पान्हा सोडायला टोचतात, ते ऑक्सिटोसिन. ते मेंदूत तयार होणारं पेप्टाइडच आहे. प्रथिनं ज्या अमिनो आम्लांच्या मण्यांनी ओवलेली असतात, त्याच मण्यांची ही छोटी माळ. ऑक्सिटोसिनमध्ये नऊ मणी. १९३१ साली 'सबस्टन्स पी' सापडलं, १९७३ साली सोमॅटोस्टॅटिन, १९७९ साली डायनॉर्फिन. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेत काझुहिको तातेमोतो या जपानी शास्त्रज्ञानं डुकराच्या मेंदूतून 'न्यूरोपेप्टाइड वाय' आणि आतड्यातून गॅलानिन वेगळं काढलं.

अपस्मारावर काम करणाऱ्यांना यात रस का वाटला? ग्लुटामेट आणि गाबा हे शेजारणींच्या बोलण्यासारखे: इकडून शब्द, तिकडून उत्तर, क्षणात काम झालं. पेप्टाइडं पेशीत वेगळ्या, दाट पिशव्यांमध्ये साठवलेली असतात आणि पेशी साधं बोलत असते तेव्हा सहसा बाहेर पडत नाहीत. पेशी फार वेगानं, फार वेळ चेतत राहिली तरच ती सुटतात. सुटली की हळूहळू पसरतात आणि मिनिटामिनिटांपर्यंत काम करत राहतात. आणि त्यातली काही, म्हणजे न्यूरोपेप्टाइड वाय, गॅलानिन, सोमॅटोस्टॅटिन, डायनॉर्फिन, त्या पेटलेल्या पेशीलाच ग्लुटामेट सोडू देत नाहीत. म्हणजे आग लागली तरच उघडणारा पाण्याचा नळ मेंदूनं स्वतःच बसवलेला आहे. उलट सबस्टन्स पी आणि कॉर्टिकोट्रोपिन सोडवणारं ताणाचं पेप्टाइड आग भडकवतात. तेव्हा सगळीच पेप्टाइडं भली, असं नाही.

पुरावा काय? न्यूरोपेप्टाइड वाय तयारच होऊ नये असे उंदीर १९९६ साली निपजवले, तर त्यांना झटके अधिक येऊ लागले. औषधांनी दाद न देणाऱ्या रुग्णांच्या मेंदूचा शस्त्रक्रियेत काढलेला भाग तपासला, तर त्यात न्यूरोपेप्टाइड वायचे तंतू वाढलेले दिसले, जणू मेंदू आपल्या परीनं बांध घालत होता. गॅलानिनच्या जनुकात बिघाड असलेली आणि अपस्मार असलेली जुळी भावंडं २०१५ साली नोंदली गेली. मिलानच्या मारियो नेग्री संस्थेतल्या अ‍ॅनामारिया वेझ्झानी या बाईंच्या गटानं निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या पाठीवर न्यूरोपेप्टाइड वायचं जनुक बसवून ते उंदरांच्या मेंदूत पोचवलं आणि झटके कमी झाल्याचं २००४ साली दाखवलं. बर्लिन आणि इन्सब्रुकच्या शास्त्रज्ञांनी २०१९ साली डायनॉर्फिनचं तेच केलं. एका टोचणीनं कित्येक महिने झटके दबले, आणि पेप्टाइड गरजेपुरतंच सुटत राहिलं.

मग औषध दुकानात का नाही? गोळी करून दिली तर पोट ती पचवून टाकतं, इन्सुलिनची गोळी मिळत नाही तशीच. टोचून दिली तर रक्तात मिनिटांत मोडते, आणि मेंदूभोवतीची गाळणी तिला आत येऊ देत नाही. अमेरिकेत युटाहमध्ये गॅलानिनच्या माळेत मणी बदलून ती गाळणी ओलांडणारी नक्कल केली, उंदरांत ती चालली. जनुकाचा मार्ग घ्यायचा तर कवटीला भोक पाडून विषाणू सोडायचा आणि तो परत काढता येत नाही. स्वीडनमध्ये लुंडच्या संशोधनातून न्यूरोपेप्टाइड वायची अशी उपचारपद्धती आकाराला आली, २०२१ साली एका अमेरिकी कंपनीनं तिचे हक्क घेतले आणि २०२३ साली परत करून टाकले. शास्त्र चुकलं म्हणून नव्हे, कंपन्यांची गणितं वेगळी असतात.

त्या गणिताचं याहून स्वच्छ उदाहरण आहे. अपस्मारात एक पेप्टाइड गेली साठ वर्षं वापरात आहेच: एसीटीएच. मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीतून येणारी एकोणचाळीस मण्यांची माळ. तान्ह्या बाळांना जे दुमडून झटके येतात, बाळ पुन्हा पुन्हा मान टाकून हातपाय जवळ घेतं आणि आया 'पोटात दुखतंय' म्हणून घुटी पाजत राहतात, त्या आजारावर बेल्जियमच्या डॉक्टरांनी १९५८ साली ते वापरलं. ते मूत्रपिंडावरच्या ग्रंथीतून स्टेरॉइड सोडवतं, आणि मेंदूत थेटही काम करत असावं, असा कॅलिफोर्नियाच्या डॉ. ताली बराम यांचा सिद्धान्त आहे. तर या जुन्या औषधाचे हक्क अमेरिकेत एका कंपनीकडे गेले आणि २००७ साली एका कुपीची किंमत सुमारे १६५० डॉलरवरून २३,००० डॉलर झाली. औषध तेच. पुढे स्पर्धक औषधाचे हक्क विकत घेऊन ते दाबून ठेवल्याबद्दल २०१७ साली त्या कंपनीच्या नव्या मालकांनी दहा कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवलं. आपल्याकडे बरेच डॉक्टर त्याऐवजी स्वस्त प्रेडनिसोलोन देतात, आणि ते पुष्कळ बाळांना लागू पडतं. जनुकोपचाराची किंमत आपण पाहिलेली आहेच. २०२१ साली दुसऱ्याच एका आजारावरच्या सोळा कोटींच्या इंजेक्शनसाठी लोक वर्गणी काढत होते.

पण माझा खरा मुद्दा किमतीच्या आधीचा आहे. हे सगळे उंदीर होते कोण? २००९ सालच्या शोधनिबंधांची मोजदाद दोन शास्त्रज्ञांनी केली. मेंदूशास्त्रात एकाच लिंगाच्या प्राण्यांवर केलेल्या अभ्यासांत नरांवरचे अभ्यास माद्यांवरच्या साडेपाच पट होते. कारण काय देत? माद्यांची संप्रेरकं वरखाली होतात, निकाल 'घाण' होतो. म्हणजे बायकांनी खायच्या औषधाचा अभ्यास बाईचं शरीर गैरसोयीचं म्हणून वगळून करायचा! माणसांतही तेच. अमेरिकेच्या औषध खात्यानं १९७७ साली मूल होऊ शकणाऱ्या बायकांना सुरुवातीच्या चाचण्यांतून बाहेर ठेवलं, ते १९९३ साली मागे घेतलं. प्राण्यांच्या अभ्यासात दोन्ही लिंगं विचारात घ्या, हा तिथला सरकारी दंडक २०१६ पासूनचा.

आणि ज्याला घाण म्हटलं, त्यातच उत्तर दडलेलं असू शकतं. इस्ट्रोजेन झटके वाढवतं, असं आपण पुस्तकात शिकतो, आणि पुष्कळदा ते खरंही असतं. पण २००९ साली शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या कॅथरिन वूली यांच्या प्रयोगशाळेनं मादी उंदरांवर काम करून दाखवलं, की इस्ट्रोजेनमुळे मेंदूच्या स्मृतीच्या भागात न्यूरोपेप्टाइड वाय अधिक सुटतं आणि झटक्यांना आवर बसतो. एकच संप्रेरक दोन्ही बाजूंनी खेळतंय. मग उद्या न्यूरोपेप्टाइड वायवर चालणारं औषध आलं, तर ते पाळीच्या पहिल्या दिवशी, चौदाव्या दिवशी, गरोदरपणात, पाळी गेल्यावर सारखंच लागू पडेल? नर उंदरांवरून हे कळणार नाही. ऑक्सिटोसिन हेही पेप्टाइडच आहे. गर्भाशयावर, दुधावर अशा औषधांचा परिणाम आधी तपासला पाहिजे, मुलं जन्मल्यावर नव्हे. व्हॅल्प्रोएटच्या बाबतीत तो क्रम उलटा झाला.

या प्रश्नावर आपण नवख्या नाही. नेट-एन इंजेक्शनच्या चाचण्यांविरुद्ध आपल्या बहिणी १९८६ साली सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या. २००९-१० साली खम्मममध्ये एचपीव्ही लसीसाठी वसतिगृहाच्या वॉर्डननी मुलींच्या वतीनं सह्या केल्या, ते स्त्री-आरोग्य गटांनीच उजेडात आणलं. आता वगळलं जाणं आणि फसवून घेतलं जाणं, हे दोन्ही एकाच वेळी नाकारायचं आहे. संशोधनात बाई हवी, पण तिच्या माहितीनं, तिच्या भाषेत सांगून, आणि नुकसान झालं तर भरपाईच्या लेखी हमीसह. विज्ञानालाच विरोध करणाऱ्या मैत्रिणींशी माझं इथे पटत नाही. आंधळा भरवसा जितका घातक, तितकीच ती पाठ फिरवणंही. तिसांतल्या ज्या बाईला आठवड्यातून तीनदा झटका येतो, ती आपल्या तत्त्वाची वाट बघू शकत नाही.

कायद्याबद्दल थोडंच सांगते. हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीनं वेडाबरोबर अपस्माराचे वारंवार झटके ही लग्नाच्या आड येणारी गोष्ट झाली आणि असं लग्न रद्द ठरवून घेता येऊ लागलं. अपस्माराचा तो शब्द १९९९ साली वगळला गेला. २०२३ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वच्छ सांगितलं, की अपस्मार हा असाध्य रोग नाही, मानसिक विकारही नाही, आणि त्यावरून घटस्फोट मिळणार नाही. परित्यक्तांच्या कामात असलेल्या सगळ्याजणींनी हे निकालपत्र फायलीला लावून ठेवावं. तरी 'लपवून लग्न केलं, फसवलं' हा दावा येतोच, म्हणून सोयरिकीच्या वेळी सांगावं, आणि सांगितल्याचा साक्षीदार असावा. नवऱ्याला फिट येत असेल तर त्याच्या घरचे सांगतात का, हा प्रश्न तुम्हीच विचारा.

दुसरं, चूल. झटका चुलीपाशी आला तर बाई भाजते. अपस्मार असलेल्या बायकांच्या अंगावरचे जुने डाग पाहा. त्यामुळे भाजून मेलेल्या सुनेबद्दल 'तिला फिट यायची' असं सासरचे सांगू लागले, की ते खरंही असू शकतं आणि धडधडीत थापही. आधीच्या औषधांच्या चिठ्ठ्या, दवाखान्याची नोंद, शेजारणींचे जबाब मागा. चिठ्ठी नसेल, माहेरी कोणाला माहीत नसेल, तर पोलिसांना तसं लिहून द्या. आणि जिवंत बाईसाठी घरात बोलून घ्या, की एकटीनं विस्तवापाशी बसायचं नाही, विहिरीवर एकटीनं जायचं नाही. घरचे म्हणतील स्वयंपाक कोण करेल? करू दे की कोणीतरी पुरुष.

झटका आलेला असताना कांदा, चप्पल, चमचा काही नको. कुशीवर वळवा, डोक्याखाली काही मऊ ठेवा, तोंडात काहीही घालू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेला तर दवाखाना. भगत झाडूनं मारत असेल, तर तो २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे.

शेवटचं काम सोपं आहे. अपस्मार असलेल्या प्रत्येक बाईला एक वही द्या. लिहिता येत नसेल तर कॅलेंडर चालेल. पाळीचा पहिला दिवस लाल खूण, झटक्याचा दिवस काळी खूण, औषध चुकलं तर गोल. तीन महिने. साधारण तिघींपैकी एकीचे झटके पाळीच्या चक्राशी जोडलेले असतात. कोणाला पाळीच्या आधल्या दोनतीन दिवसांत, कोणाला मधल्या दिवसांत. पाळीआधी प्रोजेस्टेरॉन एकदम उतरतं आणि त्यापासून तयार होणारं, गाबाला मदत करणारं रसायनही. अमेरिकेत प्रोजेस्टेरॉन देऊन केलेल्या चाचणीचा निकाल २०१२ साली आला. सगळ्या बायकांत मिळून फरक दिसला नाही, पण ज्यांचे झटके पाळीच्या दिवसांतच जोरानं वाढत होते त्यांना उपयोग झाला. आपल्या बाईचा प्रकार कुठला, हे रक्ततपासणीत कळत नाही, वहीतच कळतं. ती वही घेऊन तिच्याबरोबर दवाखान्यात जा, आणि डॉक्टरांनी न बघता बाजूला सारली तर परत पुढे सरकवा.